अवघड, तरण्या घोडीसाठी शिकवणारा : फलटण भागातल्या एका पागेचा अनुभव

घोडी अंगावर येते, लगाम घेत नाही, कुणाकडे द्यावी, असं बारामती-इंदापूर भागातले बरेच जण विचारतात. म्हणून माझ्या घोडीला, रेवाला, जिथे ठेवलंय त्या पागेबद्दल नीट लिहिते. आधीच सांगते, पाचपैकी पाच.

पागा फलटण तालुक्यात, तरडगावच्या आसपास आहे. चालवणारे साठीतले गृहस्थ आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. बाहेर पाटी नाही, जाहिरात नाही, आणि आपला नंबर सगळीकडे फिरलेला त्यांना आवडत नाही, म्हणून तो इथे देत नाही. त्या भागात घोडं पाळणाऱ्या कुणालाही विचारा, घर दाखवतील. माउलींच्या पालखीची वाट तिथूनच जाते. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण होतं तेव्हा बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून आलेले अश्व एवढ्या गर्दीतून, टाळ-मृदंगाच्या गजरातून कसे धावतात, हे मामा लहानपणापासून बघत आलेत.

रेवा तीन वर्षांची, दोन दाती (पक्के दात नुकतेच येऊ लागलेली), कुमैत म्हणजे तांबूस अंगाची, काळ्या आयाळीची मारवाडी. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत घेतली. कानांची टोकं एकमेकांना टेकतात, चाल हलकी, हातात धरून कुठेही न्या, मुकाट येते. पण लगाम तोंडात घालून जरा ताणला की मान वर फेकून थेट मागच्या पायांवर उभी. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळायला गेलं की दात काढून अंगावर. बाजारातल्या जाणत्यांनी मानेवरच्या केसांच्या भोवरीला दोष दिला आणि विकून टाका म्हणाले.

मामांच्या आधी ती दुसऱ्या एकाकडे होती. तो वरातीत नाचणाऱ्या घोड्या तयार करायचा. ‘एकवीस दिवसांत गरीब गाय करून देतो’ हा त्याचा शब्द. मी न सांगता बघायला गेले, तर घोडी दोन खांबांच्या मध्ये आखूड बांधलेली, तोंडात काटेरी लगाम आणि ओठांच्या कडा सोललेल्या. काटेरी लगामाला आपल्याकडे जनावरांचा छळ रोखणाऱ्या १९६५च्या नियमांनीच बंदी आहे, आणि तरी तो बाजारात सर्रास मिळतो. मी त्याच संध्याकाळी गाडी मागवून तिला घरी आणलं. किती दिवसांत करून देतो हे घोडं बघायच्या आधीच सांगणाऱ्या माणसाकडे माझं जनावर पुन्हा जाणार नाही.

मामांनी दिवसांचा आकडा सांगितलाच नाही. घोडी काय खोड्या करते हेही सुरुवातीला विचारलं नाही. खाते काय, दात कुणी बघितले आणि खोगीर कुठलं, एवढंच विचारलं. मग तिच्या डाव्या अंगाला उभे राहून मानेपासून कमरेपर्यंत पाठीवरून दोन बोटं दाबत नेली. खांद्याच्या उंचवट्यामागे बोटं आली तशी तिने पाठ खाली दबवली. मामांनी हात उचलला, पुन्हा तिथेच ठेवला, पुन्हा पाठ खाली. नंतर माझं खोगीर उलटं करून दाखवलं : आतला भराव एका बाजूला गोळा होऊन लाकडाचा सांगाडा नेमका त्याच जागी टोचत होता. मग तोंड. पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या मोकळ्या जागेतून अंगठा आत घालून त्यांनी वरची हिरडी चाचपली. पहिल्या दाढेच्या अगदी पुढे हरभऱ्याएवढा एक दात होता. डॉक्टर त्याला वुल्फ टूथ म्हणतात. बऱ्याच घोड्यांना तो असतो आणि लगामाची कडी त्यावर आपटली की कळ जाते. मामा म्हणाले, “ताई, हा दात निघेस्तोवर मी तिच्या तोंडात काही घालणार नाही. दुखतंय म्हणून उभी राहती, त्याला खोड कसं म्हणायचं?”

पशुवैद्यांनी भूल देऊन दात काढला आणि मोठ्या दाढांच्या धारदार कडाही घासून दिल्या. नवीन भरावाचं खोगीर करून घेतलं. खुराकही बदलला. कामाविना ठाणावर उभ्या असलेल्या तरण्या घोडीला भिजवलेला हरभरा आणि गूळ वाढवत नेलेला त्यांना पटला नाही. हरभरा जवळजवळ बंद केला आणि वाळलं गवत दिवसभर पुढे ठेवलं. घोड्याचं पोट लहान असतं आणि त्यात आम्ल सतत पाझरतं. तासन्‌तास रिकामं ठेवलं की आतून जळजळतं, आणि मग तंग आवळला की ती चावणारच.

खरं शिकवणं मी पुढे बघितलं ते असं. गोल रिंगणात साधी म्होरकी, हातात लांब दोरी. मामा दोरीला जेमतेम ताण देतात आणि थांबतात. रेवा आधी मान ताठ करते, कान मागे. ओढाओढ नाही, आवाज नाही, ताण तेवढाच. मग मान बोटभर खाली येते आणि त्याच क्षणी दोरी सैल. सगळी विद्या त्या सुटण्यात आहे. हात सुटायला उशीर झाला, तर घोडीला कळतच नाही की नेमकं कशाबद्दल सुटका मिळाली. तंगाचंही तसंच : एक भोक आवळायचं, एक फेरी चालवायची, मग दुसरं भोक. रस्त्याने उसाच्या ट्रॉल्या जायच्या तेव्हा ते तिला इतक्या लांब उभं करायचे की ती चरत राहील. तोंड गवतातून वर न येता ट्रॉली गेली, तरच दुसऱ्या दिवशी चार पावलं जवळ.

पाठीवर बसायची घाई त्यांनी अजिबात केली नाही. बरेच दिवस दोन लांब दोऱ्या धरून मागे चालत तिला वळायला, थांबायला शिकवलं. घोड्याच्या गुडघ्यावरच्या हाडाची वाढ साधारण अडीच वर्षांत पुरी होते, मणक्यांची पाच-साडेपाच वर्षांपर्यंत चालू राहते. तीन वर्षांच्या जनावरावर जाडजूड माणूस बसवून दौडवणारे आपल्याकडे गावोगाव आहेत, त्यांनी हे वाचावं अशी फार इच्छा आहे.

आणखी एक गोष्ट मला मोलाची वाटली. मामा मालकाला सोडत नाहीत. दर रविवारी मला बोलावून दोरी हातात देतात आणि स्वतः कुंपणापाशी उभे राहतात. “ताई, डावा हात उशिरा सुटतोय.” पुन्हा. “आता बरोबर.” जनावर शिकवून परत पाठवलं आणि घरी पुन्हा ओढाताण सुरू झाली तर महिनाभरात सगळं पाण्यात जातं, हे त्यांना चांगलं माहीत आहे.

आता उणिवा. मालकांना बसायला सावली नाही, उन्हाळ्यात हाल होतात. पागेत ठाणं मोजकीच, त्यामुळे थांबावं लागतं. अंडील, म्हणजे खच्ची न केलेलं, घोडं ते घेत नाहीत. नाच शिकवत नाहीत, शर्यतीची तयारीही करून देत नाहीत. फोटो-व्हिडिओ पाठवा म्हटलं तर उत्तर येत नाही, स्वतः जाऊन बघावं लागतं. चारा धरून मी महिन्याला १४,००० रुपये देते. नालबंद आणि डॉक्टर वेगळे. माझ्या मते पैसे पुरेपूर वसूल आहेत.

रेवा आज गुळगुळीत साधा लगाम घेते, तंगाला उभी राहते आणि मामांच्या सडसडीत पुतण्याला पाठीवर घेऊन चालीने वीसेक मिनिटांची रपेट करते. पत्र्यावर पाऊस वाजला की अजून बुजते, त्यावर काम चालू आहे. दौड पुढच्या वर्षी, असं मामांनी बजावलंय.

जाणार असाल तर सकाळी नऊच्या आत पोहोचा, नंतर ते कामात असतात. घोडं नेण्याआधी दात तपासून घ्या, आणि रोज वापरता तेच खोगीर, तोच लगाम बरोबर न्या. ते बघितल्याशिवाय मामा घोड्याबद्दल एक शब्द बोलत नाहीत.