सायकॉलॉजी मेजर घ्यायचं की मायनर?

मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय म्हणून, घेतलं की लोकांची मनं वाचायला शिकवतात असं ज्यांना वाटतं त्यांनी आधी स्टॅटिस्टिक्सचा पेपर बघून घ्या, कारण मेजरमधे टी-टेस्ट (दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासणं), कोरिलेशन (दोन गोष्टींचा संबंध मोजणं), रिसर्च मेथड्स यातून सुटका नाही. प्रॅक्टिकल्स पण असतात, उदा. स्ट्रूप टेस्ट, म्हणजे 'लाल' हा शब्द निळ्या शाईत छापलेला आणि सांगायचा शाईचा रंग, तोंडातून हमखास 'लाल' निघतं किंवा अडखळायला होतं, मग सगळ्यांचे सेकंद मोजायचे, टेबल करायचं, रिपोर्ट लिहायचा. मला तरी हाच भाग सगळ्यात भारी वाटतो, नुसती थिअरी वाचून ती मजा येत नाही.

मायनरमधे, म्हणजे दुय्यम विषय म्हणून घेतलं तर, बहुतेक वेळा इंट्रो, सोशल, डेव्हलपमेंटल असे मोजके पेपर. आज्ञापालनाचे प्रयोग करणारा मिल्ग्रॅम, मुलांच्या विचारांची वाढ अभ्यासणारा पियाजे, कुत्र्यांवर प्रयोग करणारा पावलॉव्ह सगळे भेटतात, पण संशोधनाचा किचकट भाग कमी. मार्केटिंग, एचआर, डिझाइन, शिक्षण अशा लाइनला जायचं असेल तर तेवढं पुरतं, आणि कॉम्प्युटर सायन्सवाल्यांना तर यूएक्ससाठी (अॅप-वेबसाइट वापरणाऱ्याचा अनुभव) सोनंच.

पण क्लिनिकलला, म्हणजे मानसिक आजारांवर उपचार करण्याच्या लाइनला, जायचंय? मग मेजरच घ्या बाबा. मायनरवर मास्टर्सला अॅडमिशन मिळत नाही असं नाही, पण बऱ्याच ठिकाणी स्टॅट्स आणि मेथड्सचे पेपर मागतात, ते नसले की नंतर वेगळे करत बसा. आणि नुसत्या बीएवर कोणी थेरपिस्ट होत नाही हो, मेजर असलं तरी, पुढे मास्टर्स आणि सुपरव्हिजनखालची ट्रेनिंग आलीच.