हाय-रिस्क मर्चंट अकाउंट: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या ऑनलाइन दुकानात आहारपूरके दरमहा नूतनीकरण होणाऱ्या सबस्क्रिप्शनवर विकली जातात. आहारपूरके आणि आपोआप होणारे नूतनीकरण हे दोन्ही प्रकार कार्डव्यवहारांत जोखमीचे मानले जात असल्याने आधीच्या पेमेंट कंपनीने आमचे खाते बंद केले आणि आम्ही हाय-रिस्क, म्हणजे जास्त जोखमीच्या, व्यापाऱ्यांनाच कार्डने पैसे स्वीकारण्याचे खाते (मर्चंट अकाउंट) देणाऱ्या एका सेवेकडे वळलो. सुदैवाने आमचे नाव मास्टरकार्डच्या ‘मॅच’ यादीत, म्हणजे बँकांनी खाते बंद केलेल्या व्यापाऱ्यांच्या यादीत, गेले नव्हते. त्या यादीतली नोंद पाच वर्षे राहते आणि तोवर दुसरी बँक सहसा दारात उभे करत नाही.

खाते मिळण्यात विशेष अडचण आली नाही. मागील महिन्यांची व्यवहारपत्रके, पुरवठादाराची बिले आणि परताव्याचे धोरण त्यांनी बारकाईने पाहिले. नूतनीकरणाची तारीख व रक्कम पैसे भरण्याच्या बटणाच्या वरच ठळक दिसली पाहिजे, असा आग्रहही त्यांनी धरला, आणि तो रास्त होता.

दर नेहमीच्या गेटवेपेक्षा बराच जास्त आहे, पण खरा भार दराचा नाही, रोलिंग रिझर्व्हचा आहे. करारानुसार प्रत्येक व्यवहाराचे १० टक्के १८० दिवस राखून ठेवले जातात आणि मग सोडले जातात. विक्री स्थिर असेल तर सहा महिन्यांनी एका महिन्याच्या उलाढालीच्या सुमारे ६० टक्के रक्कम कायमची अडकून राहते, आणि विक्री वाढत असेल तर सुटणाऱ्या रकमेपेक्षा नव्याने अडकणारी रक्कम मोठी असल्यामुळे धंदा जोरात असतानाच खेळते भांडवल आटू लागते. ज्याचा नफा मुळातच विक्रीच्या दहा टक्क्यांच्या आसपास आहे, त्याने पहिले सहा महिने हातात काही उरणार नाही असे धरूनच हिशोब मांडावा. विक्रीप्रतिनिधी दरावर घासाघीस करायला चटकन तयार होतात, रिझर्व्हचा विषय मात्र टाळतात. यावरून त्यांना काय महाग वाटते ते समजते.

चार्जबॅकच्या, म्हणजे ग्राहकाच्या तक्रारीवरून बँकेने व्यापाऱ्याकडून पैसे परत घेण्याच्या, बाबतीत या सेवेने खरी मदत केली. मास्टरकार्डच्या नियमांत चालू महिन्यातले चार्जबॅक मागच्या महिन्यातल्या व्यवहारसंख्येशी ताडले जातात. १०० चार्जबॅक आणि दीड टक्का या दोन्ही मर्यादा गाठल्या की व्यापारी देखरेखीखाली येतो. ग्राहकाला तक्रार करायला बहुधा १२० दिवसांपर्यंत मुदत असल्याने भरघोस विक्रीच्या हंगामातले वाद नंतरच्या मंद महिन्यांत येतात आणि विक्रीत काहीही गैर नसताना टक्केवारी वर चढते. शिवाय मोजली जाते ती संख्या, रक्कम नव्हे. आमच्या स्वस्तातल्या चाचणी पाकिटांवरचे किरकोळ वाद मोठ्या मागण्यांइतकेच नडतात, हे त्यांच्या मासिक अहवालात प्रथमच स्पष्ट दिसले आणि ती पाकिटे आम्ही बंद केली.

वाद चार्जबॅक होण्यापूर्वी मिळणाऱ्या सूचनेसाठी प्रत्येक वेळी वेगळे शुल्क पडते, पण वेळीच परतावा देता आला तर ते परवडते. थ्रीडी सिक्युअरबद्दल (पैसे भरताना कार्डधारकाची ओळख पटवण्याच्या पद्धतीबद्दल) मात्र विक्रीच्या वेळी अवाजवी आशा दाखवली जाते. या पद्धतीमुळे ‘हा व्यवहार मी केलाच नाही’ अशा तक्रारींची जबाबदारी सामान्यतः कार्ड देणाऱ्या बँकेकडे जाते; ‘माल मिळाला नाही’ किंवा ‘सबस्क्रिप्शन रद्द केले होते’ या तक्रारी व्यापाऱ्याच्याच गळ्यात राहतात, आणि आमच्याकडे मुख्यतः याच येतात. कार्डच्या विवरणपत्रात कंपनीच्या नोंदणीकृत नावाऐवजी दुकानाचे नाव दिसू लागल्यावर मात्र अनोळखी व्यवहाराच्या तक्रारी स्पष्टपणे कमी झाल्या.

ग्राहकसेवेबद्दल मत संमिश्र आहे. वादाचे पुरावे सादर करताना तिथली माणसे तत्पर असतात. सेटलमेंट, म्हणजे विक्रीचे पैसे आमच्याकडे जमा होणे, अचानक थांबले, तेव्हा मात्र ‘बँकेकडून तपासणी सुरू आहे’ या एका वाक्यापलीकडे काही कळले नाही. सेवा देणारी कंपनी आणि पैसे प्रत्यक्ष धरून ठेवणारी बँक वेगळ्या असतात, त्यामुळे रिझर्व्ह नेमके कोणाकडे आहे हे करारात लिहून घेणे आवश्यक आहे.

सध्या तरी आम्ही ही सेवा चालू ठेवत आहोत. चार्जबॅकचे प्रमाण सलग कमी राहिल्यास रिझर्व्ह पाच टक्क्यांवर आणण्याचा विचार करू, असे त्यांनी लेखी कळवले आहे. सेवा बदलण्याचा विचार मनात येतो, पण करारातील अटीनुसार शेवटच्या व्यवहारापासून १८० दिवस जुना रिझर्व्ह त्यांच्याकडेच राहील आणि नव्या ठिकाणी तेवढीच रक्कम पुन्हा पहिल्यापासून साठवावी लागेल.