काट्यावर भरवसा नाही म्हणून अलार्म

आमचं केटरिंगचं काम आहे, नागपूरच्या नंदनवनला. मालासाठी एक जुना डिझेल पिकअप आहे. लग्नाच्या सिझनमध्ये त्यात सिलिंडर, शेगड्या, मोठाले गंज-पातेली, तांदळाची पोती असं सगळं कोंबून जातं. मागच्या उन्हाळ्यात इंजिन तापून त्याचं हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या वरच्या आणि खालच्या भागामधलं पॅकिंग, उडालं. हेड उतरवून फेसिंग करून (घासून सपाट करून) आणा, नवं गॅस्केट, ऑइल, मजुरी, आणि गाडी उभी होती तोवर भाड्याच्या गाडीने ऑर्डरी पोचवा. ड्रायव्हरला तापमानाच्या काट्याबद्दल विचारलं तर म्हणे, "ताई, काटा तर मधातच होता जी." खोटं बोलत नव्हता तो.

गाडीचा तापमानाचा मूळ सेन्सर असतो कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, वाटेत. पाइप फुटून कूलंट निघून गेलं की तो उघडा पडतो, आणि मग गरम पाण्याऐवजी हवेचं नाहीतर वाफेचं तापमान सांगतो. काटा वर जायचा सोडून तिथेच राहतो, कधी खालीही येतो. इकडे इंजिन भाजून निघतं. शिवाय बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दामच असा बसवलेला असतो की बऱ्यापैकी चढउतार झाला तरी तो मध्यभाग सोडत नाही. खाली बिडाचा ब्लॉक आणि वर अ‍ॅल्युमिनियमचं हेड. अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. त्यामुळे हेड वाकतं आणि मधलं गॅस्केट जातं.

म्हणून यंदा सिझन लागायच्या आधी घाट रोडवरच्या एका दुकानातून वेगळा अलार्म आणला. काडेपेटीहून थोडी मोठी डबी, त्यात लाल आकडे, आणि लांब वायरच्या टोकाला तांब्याची चकती. चकतीला बोल्ट जाईल एवढं भोक. हाच तो सेन्सर. तो पाण्यात बुडवायचा नसतो, इंजिनच्या धातूला कसायचा असतो. पाणी असो नसो, धातू तापला की आकडा चढतो. मी पैसे दिले ते या एका गोष्टीसाठी. डबीचे 1,650 रुपये, बसवायचे 500.

बसवण्याआधी घरी तपासून घेतला. चहाच्या गंजात पाणी खळखळ उकळू दिलं, चकती दोऱ्याने मधोमध सोडली, बुडाला टेकू दिली नाही. आकडा 98 वर येऊन थांबला. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण 310 मीटर वर आहे, इथे पाणी 99 च्या आसपास उकळतं. म्हणजे एका डिग्रीचा फरक. एवढा चालतो. तुम्ही घेतलात तर हे नक्की करा, पाच मिनिटांचं काम आहे. दहा डिग्री खोटं सांगणारा अलार्म नसलेलाच बरा.

खरा वाद झाला तो बसवताना. दुकानातला बसवणारा पोरगा हुशार होता, हात चालत होता भराभर, पण घाईत. त्याने चकती वरच्या होज पाइपवर ठेवली आणि प्लास्टिकच्या टायने आवळली. "झालं ताई." मी म्हटलं, रबरावर ठेवून कसं चालेल? रबराच्या आतलं पाणी तापेल तेव्हा तापेल, आणि पाणीच गेलं तर काय मोजणार? तो म्हणे सगळे असंच लावतात. लावत असतील बाप्पा, पण मग कंपनीच्या काट्यात आणि यात फरक काय उरला?

शेवटी त्याच्या उस्तादांना बोलावलं. त्यांनी काही न बोलता टाय कापला, थर्मोस्टॅटच्या (कूलंटची वाट उघडबंद करणाऱ्या झडपेच्या) हाऊसिंगजवळ हेडवरच एक ब्रॅकेटचा बोल्ट शोधला, तो उघडून खालची जागा सँडपेपरने चकचकीत होईस्तोवर घासली आणि चकती तिथे बसवली. रंग आणि गंज मधात राहिला तर उष्णता नीट पोचत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी विचारलं, हेडच्या मोठ्या बोल्टखाली का नाही? तर म्हणाले, त्या बोल्टांना मापात टॉर्क असतो, म्हणजे ते ठरलेल्या जोरानेच आवळलेले असतात, त्यांना हात लावायचा नाही. आणि सायलेन्सरच्या बाजूला तर अजिबातच नाही, तिकडचा आकडा नुसता घाबरवतो.

वायरीचं काम चांगलं झालं. लाल वायर चावी फिरवल्यावर चालू होणाऱ्या लाइनला, मधात छोटा फ्यूज. काळी बॉडीला अर्थ. सेन्सरची वायर जाळीच्या स्लीव्हमध्ये घालून, पट्टा आणि सायलेन्सरपासून दूर ठेवत, केबिनच्या पत्र्यातल्या रबराच्या बुशातून आत. रबर नसेल तर पत्र्याची धार वायर कापते, हे मात्र त्या पोराने न सांगता केलं.

अलार्म कितीवर लावायचा, यावर दुकानदार म्हणाला 110 वर लावून मोकळे व्हा. ते मला पटलं नाही. आधी आपली गाडी नेहमी कितीवर चालते ते पाहायला हवं. आमची रिकामी असली, की 84 ते 88. अमरावतीच्या ऑर्डरला भरून गेली तेव्हा तळेगावजवळ सत्याग्रही घाटात, भर दुपारी, 95 पर्यंत गेली आणि उतारावर परत आली. म्हणून अलार्म लावला 103 वर. घाटात उगाच वाजत नाही, आणि काही बिघडलं तर वेळेत वाजतो. 110 वर लावला असता तर हाती लागणारी दोन-चार मिनिटं गेली असती. गाडी बंद केल्यावर पाण्याचा पंपही थांबतो, त्यामुळे धातूचा आकडा थोडा वेळ चार-पाच डिग्री वरच चढतो. लगेच परत चावी फिरवली तर तो वाढलेला आकडा दिसतो, त्याला घाबरायचं नाही.

मे महिन्यात काटोल रोडवर, फेटरीच्या पुढे, तो खरंच वाजला. ड्रायव्हरने फोन केला, "ताई, एकशे तीन दाखवते, अन् काटा मधातच आहे." त्याने एसी-बिसी काही नसलेली ती गाडी बाजूला घेऊन बंद केली होती. खालच्या होज पाइपची क्लिप सैल झाली होती, आणि मागे रस्त्यावर हिरव्या कूलंटची ओळ लागली होती. रेडिएटरचं झाकण लगेच उघडू नको, हे त्याला आधीच बजावून ठेवलं होतं, कारण आत दाब असतो आणि उकळतं पाणी तोंडावर येतं. इंजिन निवल्यावर क्लिप आवळली, बोअरचं पाणी भरलं, माल हॉलवर वेळेत पोचला. पाटवडीचा रस्सा मात्र उशिरा फोडणीला पडला. दुसऱ्या दिवशी ते बोअरचं पाणी काढून टाकून डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मं कूलंट घालून भरलं. इथल्या बोअरच्या पाण्याने रेडिएटरमध्ये क्षार साचतात, तापायचं ते एक कारण असतंच.

आता तक्रारी. आकडे दुपारच्या उन्हात दिसतच नाहीत. नागपूरच्या उन्हात लाल आकड्यांवर हाताची सावली धरावी लागते, आणि रात्री तेच आकडे डोळ्यांत घुसतात. उजेड कमी-जास्त करायची सोय नाही, आम्ही वरून काळ्या काचेच्या फिल्मचा तुकडा चिकटवला. आवाज त्याहून वाईट. आतली पिपाणी बारीक, खिडक्या उघड्या आणि गाणी लावलेली असली तर ड्रायव्हरला ऐकू येणं कठीण. डबीला जादा आउटपुट आहे, त्यावर रिले (कमी करंटवर मोठी वस्तू चालू करणारा स्विच) टाकून रिव्हर्सचा वाजतो तसला भोंगा सीटखाली बसवला. 250 रुपये गेले, पण आता झोपलेला क्लीनरही उठतो. हे आधीच डबीत असायला हवं होतं.

दुकानाबद्दल विचाराल तर माल चांगला, बिल पक्कं दिलं, पण कामाला उस्ताद हजर असतील तेव्हाच जा, आणि बोनेटजवळ उभं राहून बसवून घ्या. कंपनीचं वायरिंग कापायला लागलं तर थांबवा. नव्या गाडीची वॉरंटी चालू असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारा.

पुढच्या सिझनआधी कूलंट कमी झाल्याचा वेगळा अलार्मही लावायचा विचार आहे. क्लिप सैल झाली तेव्हा टाकीतली पातळी आधी उतरली आणि धातू नंतर तापला, तर इशारा तिथूनच मिळाला असता. त्याचा सेन्सर टाकीला भोक पाडून बसतो, आणि आमची टाकी उन्हाने पिवळी पडून ठिसूळ झाली आहे, तेव्हा आधी टाकी बदलावी लागेल.