सीलंट ओतायचं की टेप बदलायची? ट्यूबलेस एमटीबीची हळूहळू उतरणारी हवा

रात्री २४ पीएसआय भरून ठेवलेला माझ्या एमटीबीचा, म्हणजे माउंटन बाइकचा, मागचा टायर सकाळी अंगठ्याने दाबला, तर मऊ. काटा दिसत नाही, सीलंटचा (भोकं आतून बुजवायला टायरमध्ये ओततात त्या द्रवाचा) ओघळ नाही, कान लावला तरी आवाज नाही. अशा वेळी हात आधी सीलंटच्या बाटलीकडे जातो. माझाही गेला. दीड महिन्यात दोनदा सीलंट भरलं, पण हवा उतरायची ती उतरतच राहिली. टायर धडधाकट होता, गळत होती ती रिमवर, टायरच्या आतल्या बाजूने चिकटवलेली टेप. म्हणून आधी शोध, मग उपाय, या क्रमाने सांगतो.

आठवड्याभरात दोन-तीन पीएसआय कमी होणं हे दुखणं नव्हे. पंप मारा आणि निघा. रात्रीतून चाक रिमवर टेकायला आलं, तरच पुढचं वाचायची गरज.

साबणाचं पाणी की पाण्याचा टब?

पंक्चरवाल्याकडच्या टबात बारीकातली बारीक गळती दिसते, हे खरं. पण २९ इंची चाक त्यात एका वेळी पूर्ण बुडत नाही, थोडं थोडं फिरवत बघावं लागतं. टबातल्या तेलकट पाण्याने डिस्क ब्रेकचा रोटर खराब होऊ शकतो. शिवाय रिम आतून पोकळ असते. पाण्यात घातली की आतली साठलेली हवा स्पोकच्या भोकांतून बाहेर येते आणि गळती नसतानाही बुडबुडे दिसतात. मिनिटभर थांबून तेच बुडबुडे चालू आहेत का, ते पाहावं लागतं.

घरी मी साबणाचं पाणीच वापरतो. स्प्रेच्या बाटलीत पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब, टायरमध्ये ३० पीएसआयच्या आसपास हवा. चाक बादलीवर आडवं ठेवायचं, म्हणजे रिम आणि टायरच्या कडेमधल्या खाचेत पाणी साचून राहतं. आधी व्हॉल्व्हचं टोक, मग बूड, दोन्ही कडा, टायरच्या बाजू आणि शेवटी प्रत्येक स्पोकचं निपल, म्हणजे स्पोक रिममध्ये धरून ठेवणारा छोटा नट. फवारून लगेच पुढे जाऊ नका. हळू गळतीत एकदम फेस येत नाही. मोहरीएवढा एक बुडबुडा येतो, फुगतो, शेजारी दुसरा येतो. बाजू बदलून पुन्हा तेच करा. इतकं करूनही काही दिसलं नाही, तरच टब.

व्हॉल्व्हच्या टोकाला बुडबुडे आले, तर आतला कोअर, म्हणजे हवा अडवणारा व्हॉल्व्हचा सुटा भाग, घट्ट करा किंवा बदला. काम दोन मिनिटांचं.

स्पोकच्या निपलपाशी बुडबुडा दिसला, तर दोष टेपचा. १९९९ मध्ये आलेल्या माविक कंपनीच्या यूएसटी या ट्यूबलेस रिमला आतल्या बाजूने स्पोकची भोकंच नव्हती, त्यामुळे टेपही लागत नसे. आज आपल्यापैकी बहुतेकांच्या रिमला ती भोकं असतात आणि हवा अडवायचं काम टेपच करते. टेप कुठेही उचलली गेली की हवा पोकळ रिममध्ये शिरते आणि वाट मिळेल तिथून बाहेर पडते. म्हणून बुडबुडा व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूला दिसला आणि टेप व्हॉल्व्हपाशीच फाटलेली निघाली, असंही होतं. व्हॉल्व्हच्या बुडाशी हवा येत असेल तर नट बोटांनी आवळून बघा, पक्कड लावू नका. तरी थांबली नाही आणि एखादं निपलही बुडबुडतंय, तर टेपच धरून चाला.

सीलंट की नवी टेप?

सीलंट भरणं दहा मिनिटांचं काम. कोअर काढायचा, सिरिंजने आत सोडायचं, हवा भरून चाक हलवायचं. बाभळीच्या काट्याची भोकं, नव्या टायरच्या बाजूंमधून पाझरणारी हवा, कडेची किरकोळ गळती, या सगळ्यावर हाच पहिला उपाय. २९ बाय २.३ च्या टायरमध्ये एकूण १०० ते १२० मिली असावं. एप्रिल-मेच्या उन्हात सीलंटमधलं लॅटेक्स भराभर सुकतं. कोअर काढून व्हॉल्व्हमधून केबल टाय आत घालून बघा. कोरडा आला तर सीलंट संपलंय, आणि हवा उतरण्याचं कारण बहुधा तेवढंच.

टेपच्या गळतीत मात्र सीलंट टेपखाली शिरतं. चार दिवस हवा धरल्यासारखी वाटते, आणि ओल्याने टेपचा गोंद आणखी सुटतो. तिथे टेपच बदलायला हवी. पहिल्यांदा करणाऱ्याची अख्खी सकाळ जाते, पण काम एकदाच करावं लागतं. जुना गोंद पूर्ण काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने रिम पुसा, वाळू द्या. टेप रिमच्या आतल्या मापापेक्षा दोन-तीन मिलिमीटर रुंद घ्या, ताणून दोन फेरे द्या आणि खाचेत अंगठ्याने दाबत जा. व्हॉल्व्हचं भोक तापवलेल्या खिळ्याने पाडा. ब्लेडने चीर दिली की ती पुढे फाटत जाते. इलेक्ट्रिशियनची काळी टेप नको. ती ताणली जाते, सरकते, आणि महिनाभरात तुम्ही पुन्हा तिथेच.

एक अडचण आधीच सांगतो. साध्या पंपाने टायरच्या कडा पुन्हा रिमवर बसतीलच असं नाही. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचं तोंड मोटरसायकलच्या व्हॉल्व्हचं असतं, त्यामुळे प्रेस्टासाठीचा, म्हणजे सायकलच्या बारीक व्हॉल्व्हसाठीचा, छोटा पितळी अडॅप्टर खिशात ठेवा. हवा थोडी थोडी सोडायला सांगा.

प्लग की आतून पॅच?

सीलंटने बुजत नाही असं भोक ट्रेडमध्ये, म्हणजे जमिनीला टेकणाऱ्या भागात, असेल तर सायकलचा बारीक प्लग (भोकात बाहेरून खुपसायची चिकट पट्टी), टायर न काढता. बाजूला छोटी चीर असेल तर आतून पॅच. मोटरसायकलच्या प्लगचा जाड दोरा मात्र लावून घेऊ नका. तो बसवायला कानसीने भोक मोठं करतात आणि बारीक काट्याचं भोक कायमचं दुखणं होऊन बसतं.

आणि ट्यूब?

टेकडीवर अडकलात तर ट्यूब घालून घरी या, त्यात काही चूक नाही. पण घालण्याआधी टायरच्या आतून जुनं फडकं फिरवा. सीलंटने बुजवलेल्या काट्यांची टोकं आत तशीच उभी असतात. माझ्या मागच्या टायरमधून एकदा अकरा निघाली. फडकं अडकेल तिथे थांबा, टोक चिमट्याने ओढून काढा, आणि टायर पूर्ण एक फेरा फिरल्यावरच ट्यूब आत सारा.