काळं शेवाळ: पेरॉक्साइड, लिक्विड कार्बन की शेवाळ खाणारा मासा?

माशांच्या टाकीतल्या अनुबियासच्या (हळू वाढणारी, जाड पानांची पाणवनस्पती) पानांच्या कडांना काळे, मऊ झुपके धरलेत आणि बोटाने घासूनही सुटत नाहीत? मग ते ब्लॅक बिअर्ड नावाचं शेवाळ. खात्री करायची असेल तर त्यातलं एक पान कापून स्पिरिटमध्ये बुडवून ठेवा. झुपके लालसर झाले की शंका मिटली, कारण हे शेवाळ लाल शेवाळांच्या कुळातलं आहे. टाकीवर तीन दिवस चादर टाकून अंधार करणं हिरव्या पाण्यावर, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या शेवाळावर, लागू पडतं, याच्यावर नाही.

आपली टाकी दोन फुटी, म्हणजे 24 × 12 × 12 इंचांची, असं धरू. माती-खडी वजा जाता पाणी 45 ते 50 लिटर.

माझं मत पहिल्यांदा पेरॉक्साइडला, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइडला. मेडिकलमध्ये मिळतं, स्वस्त आहे, आणि काम झालं की त्याचं पाणी आणि ऑक्सिजन होऊन जातं, टाकीत मागे काही उरत नाही. बाटलीवरची टक्केवारी मात्र नीट वाचा. आपल्याकडे बरेचदा 6 टक्क्यांचं मिळतं. त्यात तितकंच पाणी घालून ते 3 टक्के करायचं. फिल्टर बंद करा, पाणी स्थिर होऊ द्या, आणि सिरिंज झुपक्याजवळ नेऊन अगदी हळू सोडा. झुपक्यातून बारीक बुडबुडे उठायला लागतात. पाच-दहा मिनिटांनी फिल्टर चालू. या मापाच्या टाकीत एका वेळी 20 मिलीच्या वर जाऊ नका. दोन-तीन दिवसांत काळा रंग गुलाबी होतो, मग पांढरट. गुलाबी दिसलं म्हणजे ते मेलं. लाकूड किंवा दगड बाहेर काढता येत असेल तर आणखी चांगलं: बाहेरच फवारा, तीन-चार मिनिटं थांबा, धुऊन परत ठेवा. मॉस आणि कोळंबीच्या जवळ मात्र जपून, दोघांनाही हे सोसत नाही.

टाकीतल्या झाडांसाठी लिक्विड कार्बन म्हणून जे विकतात, त्यात बहुतेकदा ग्लुटराल्डिहाइड असतं. हॉस्पिटलात उपकरणं निर्जंतुक करायला वापरतात तेच रसायन. त्यातल्याच सीकेम एक्सेल या ब्रँडचा रोजचा डोस 200 लिटरला 5 मिली, म्हणजे आपल्या टाकीला सव्वा मिलीच्या आसपास. एवढ्याने शेवाळाची वाढ मंदावते, पण जुने झुपके सहसा हटत नाहीत. मग लोक डोस दुप्पट-तिप्पट करतात, आणि मला भीती वाटते ती इथेच. उन्हाळ्यात पाणी तिशीच्या वर गेलं की आधीच ऑक्सिजन कमी असतो. त्यात जास्त डोस पडला की मासे वर येऊन तोंडं मारायला लागतात. टाकीत व्हॅलिस्नेरिया (लांब, पट्टीसारख्या पानांची पाणवनस्पती) असेल तर हा पर्याय सोडूनच द्या, पानं विरघळतात. हातमोजे घाला, वास घेऊ नका. शेवाळ बारीक पानांच्या दाट झाडोऱ्यात पसरलंय, सिरिंज पोहोचत नाही, अशा वेळीच मी हे सुचवेन, तेही लेबलवरच्या मापानेच.

मासा घ्यायचाच तर सयामी अल्गी ईटर. अंगावरची काळी पट्टी शेपटीच्या टोकापर्यंत गेलेली असते. तोंड चिकटणाऱ्या वाटीसारखं दिसलं तर तो चायनीज अल्गी ईटर; मोठा झाल्यावर इतर माशांच्या अंगाला चिकटून त्रास देतो. खरा सयामी लहानपणी हे शेवाळ मन लावून खातो, पण पाच-सहा इंच वाढतो आणि पेलेटची चव लागली की शेवाळाकडे ढुंकून बघत नाही. दोन फुटी टाकीत आणू नका. चार फुटी असेल तर जरूर आणा. दुकानदार काचेला चिकटणारा ‘सकर’ मासा पुढे करेल. तो हे शेवाळ साफ करत नाही, फूटभर होतो, आणि कंटाळून कुणी नदीत-तलावात सोडला तर काय होतं ते उजनीचे मच्छीमार भोगताहेत.

यातलं काहीही निवडलंत तरी पाण्यातला कार्बन डायऑक्साइड कमी-जास्त होत राहिला की झुपके परत धरतात. झाडांना हा गॅस देण्यासाठी घरी बनवलेल्या साखर-यीस्टच्या बाटलीत हे फार होतं: पहिले काही दिवस जोरात गॅस, मग थेंब थेंब. त्यापेक्षा बाटली काढून टाका, लाईट टायमरवर सहा तासांवर आणा, आणि दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदला. गॅसचा सिलिंडर असेल तर लाईट लागायच्या तास-दीड तास आधी गॅस सुरू व्हावा आणि ड्रॉप चेकर (गॅसचं प्रमाण रंगाने दाखवणारी टाकीतली छोटी कुपी) दिवसभर हिरवा राहावा. अनुबियासची पूर्ण माखलेली जुनी पानं वाचवत बसू नका. देठापासून कापा, नवीन पान येतंच.