मिरकरवाड्यातल्या ट्रॉलरला नवं डिझेल इंजिन: फिटिंगच्या कामाचं परीक्षण

आधी काम काय होतं ते. 14 मीटरची फायबरची ट्रॉलर. जुनं सहा सिलिंडरचं इंजिन काढून तेवढ्याच ताकदीचं, 2,000 आरपीएमला 120 अश्वशक्ती देणारं नवं टर्बो इंजिन, सोबत 3:1 चा गिअर बॉक्स, म्हणजे इंजिनाच्या तीन फेऱ्यांना पंख्याची (प्रोपेलरची) एक फेरी. काम 1 जून ते 31 जुलैच्या मासेमारी बंदीत, रत्नागिरीतल्या बंदराजवळच्या एका वर्कशॉपकडून. वर्कशॉपचं नाव मुद्दाम देत नाही. इथे ज्या चुका दाखवल्यात त्या हर्णैपासून मालवणपर्यंत कुठल्याही धक्क्यावर बघायला मिळतील.

थोडक्यात मत: फाउंडेशन आणि धुराड्याची लाइन उत्तम. अलाइनमेंट (इंजिन आणि पंख्याचा दांडा एका रेषेत आणणं) पहिल्या फेरीत अर्धवट. पंखा आणि डिझेलची टाकी कोटेशनमध्येच नव्हती, आणि चाचणीत नेमकी तिथेच बोंब झाली.

फाउंडेशनपासून सुरू करू. जुन्या नौकांत इंजिनाखालचे लाकडी ओंडके फायबरने मढवलेले असतात. बोल्टच्या भोकांतून वर्षानुवर्षं तेल आणि पाणी झिरपून आतलं लाकूड कुजतं, वरून मात्र सगळं ठणठणीत दिसतं. इथे मिस्त्रीने हातोडीच्या दांड्याने ठोकून आवाज घेतला, पिछाडीकडच्या डाव्या बाजूला बद्द आवाज आला, तेवढा भाग कापून काढला. आत लाकूड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं झालं होतं. नवं सागवान बसवून वर मॅट आणि रेझिनचे थर दिले, भोकं मोठी पाडून रेझिनने भरली आणि सुकल्यावर त्यातच बोल्टची भोकं पाडली. यामुळे पाण्याला लाकूड गाठताच येत नाही. बोल्ट आरपार, खाली पोलादी पट्टी. नुसते लाकडात पिळलेले कोच स्क्रू टर्बो इंजिनाच्या हादऱ्याला एक हंगामसुद्धा टिकत नाहीत. या कामाला पूर्ण गुण.

अलाइनमेंटची गोष्ट वेगळी. गिअर बॉक्स आणि शाफ्ट (पंख्याचा दांडा) यांना जोडणाऱ्या कपलिंगच्या दोन तोंडांमध्ये फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशा चार जागी फट मोजतात. ढोबळ नियम असा, की कपलिंगच्या दर इंच व्यासामागे फटीतला फरक एक हजारांश इंचापेक्षा जास्त नको. 8 इंची कपलिंगला ते 0.2 मिमी होतात, चांगला फिटर 0.1 मिमीवर आणून ठेवतो. वर्कशॉपने नौका किनाऱ्यावर टेकूंवर असतानाच माप घेतलं, 0.08 मिमी आलं, बोल्ट आवळले आणि काम झालं म्हणून सांगितलं. नौका पाण्यात उतरल्यावर दुसऱ्या दिवशी आमच्या आग्रहावरून पुन्हा मोजलं तर वर आणि खाली यांत 0.35 मिमीचा फरक. यात नवल काही नाही. टेकूंवर असताना नौकेचा आकार वेगळा असतो, पाण्यात ती सैल होऊन बसते. म्हणून अंतिम माप नौका तरंगत असताना, किमान 24 तासांनी, टाकीत अर्धं डिझेल असतानाच घ्यावं लागतं.

आणखी एक बारीक गोष्ट राहिली होती. कपलिंग सोडलं की शाफ्टचं मोकळं टोक स्वतःच्या वजनाने खाली झुकतं. त्या टोकाला स्प्रिंगच्या वजनकाट्याने आधार देऊन, कपलिंगचं पूर्ण वजन आणि बाहेर आलेल्या शाफ्टचं निम्मं वजन उचलून मगच फट मोजायची. नाहीतर इंजिन झुकलेल्या शाफ्टशी जुळवलं जातं आणि शाफ्टभोवती पाणी अडवणारं पॅकिंग महिन्याभरात खाल्लं जातं. हे दाखवल्यावर फोरमनने कुरकुर न करता पुन्हा केलं, इंजिनाच्या पायांखाली लाकडी पाचरी होत्या त्या काढून पोलादी शिम (पातळ चकत्या) घातले. लाकडी पाचर दाबली जाते, तेलाने फुगते, सगळं माप वाया जातं. पहिल्याच वेळी शिम का नव्हते, याचं उत्तर मिळालं नाही.

धुराड्याचं काम बघण्यासारखं आहे. टर्बोच्या तोंडाला लवचीक बेलोज, त्यावर चार इंची पाइप, आणि पाइपाचं सगळं वजन केबिनच्या छताला ब्रॅकेटने टांगलेलं. पाइपाचा भार टर्बोवर आला तर गरम झाल्यावर त्याच्या खालच्या फ्लँजला तडा जातो. पाइपाला ग्लास दोरी गुंडाळली, वर पावसाची झाकणी, आणि सर्वात खालच्या वळणाला पाणी काढायचा छोटा कॉक. हा कॉक बहुतेक जण विसरतात. तो नसला तर उभ्या पाइपातून उतरलेलं पाणी थेट टर्बोत जातं.

खाऱ्या पाण्याच्या थंडाव्याला नवा गाळणीचा डबा आणि हीट एक्स्चेंजरमध्ये गंज स्वतःवर घेणाऱ्या झिंकच्या पेन्सिली आहेत. दर महिन्याला काढून बघा, निम्मी झिजली की बदला. पंपाचा इम्पेलर (आतलं रबरी चक्र) जास्तीचा एक नौकेवर ठेवा, आणि तो कसा बदलायचा हे तांडेलाला (नौकेच्या प्रमुखाला) किनाऱ्यावरच करून दाखवा.

आता टाकी. जुनी लोखंडी टाकी आतून गंजलेली होती. कोटेशनमध्ये "डिझेल लाइन जोडणी" एवढंच. चाचणीच्या दोन तासांत पहिला फिल्टर लालसर गाळाने भरला, इंजिन 1,500 आरपीएमच्या वर जाईना. टाकी रिकामी करून धुतली, शोषणाचा पाइप तळापासून दोन इंच वर घेतला, खाली गाळ काढायचा कॉक बसवला आणि पंपाच्या आधी पाणी वेगळं करणारा, काचेच्या वाटीचा फिल्टर लावला. या सगळ्याचं बिल वेगळं. नव्या इंजिनाचे इंजेक्टर पाण्याने खराब झाले तर वॉरंटीत घेत नाहीत, तेव्हा टाकी धुण्याचं काम कोटेशनमध्ये आधीच लिहून घ्या.

पंख्याचं तेच. 34 इंच व्यास, 24 इंच पिच (एका फेरीत पंखा हिशोबाने पुढे सरकेल ते अंतर) असलेला जुनाच पंखा ठेवला. नौका रिकामी, समुद्र शांत, थ्रॉटल पूर्ण, तरी इंजिन 1,880 वरच थांबलं, धूर काळा. याचा अर्थ पंखा जड आहे, इंजिन सतत ओव्हरलोडवर चालणार, डिझेल जास्त खाणार. पिच 21 इंचांवर आणून घेतल्यावर 2,000 मिळाले. आमच्या मते 20 इंच योग्य होते, कारण रिकाम्या नौकेत कमाल आरपीएम थोडे जास्तच मिळायला हवेत. बर्फ, डिझेल आणि मासळी भरली की ते खाली येतातच. ट्रॉल ओढणाऱ्या नौकेला तर याचं महत्त्व दुप्पट.

वर्कशॉपची एक गोष्ट मनापासून आवडली. नौकेत इंजिन सुमारे आठ अंश मागे कललेलं बसतं, त्यामुळे तेलाच्या पट्टीवरच्या कंपनीच्या खुणा खोटं सांगतात. त्यांनी पुस्तिकेतल्या मापाने तेल ओतलं, मग पट्टी घालून जिथे तेल लागलं तिथे कानशीने नवी खूण केली. वरची जुनी खूण घासून टाकली.

पहिले 50 तास इंजिन नुसतं मंद चालू ठेवू नका. हलक्या भारावर पिस्टनच्या रिंगा नीट बसत नाहीत आणि तेल पिण्याची सवय लागते. साधारण 60 ते 75 टक्के भार द्या, पूर्ण थ्रॉटल अधूनमधून थोडाच वेळ. 50 तासांनी तेल आणि फिल्टर बदलायला वर्कशॉपचा माणूस येणार असं ठरलं होतं, पण ते बिलात लिहिलेलं नाही, तारखेसकट लिहून घ्या. इंजिन नंबरचा पेन्सिलने कागदावर ठसा आणि मूळ बिल सांभाळून ठेवा. मत्स्यव्यवसाय विभागाकडच्या नोंदणीत आणि विम्यात नवा नंबर चढवल्याशिवाय हंगामाला निघू नका.