जुन्या ट्रॅव्हलरची दारं-खिडक्यांची रबरं बदलली: वर्षभरानंतरचा अनुभव

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगतो. दारांना लावलेल्या ईपीडीएम रबरावर (ऊन-पावसात टिकणारं कृत्रिम रबर) मी खूश आहे, पुढच्या काचेच्या रबराबद्दल तक्रार नाही, आणि सरकत्या खिडक्यांत घातलेल्या केसाळ पट्टीवर चिडलेलो आहे. पण सगळ्यात जास्त फरक ज्या गोष्टीनं पडला ती कुठल्याच दुकानात मिळत नाही. तिच्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय.

गाडी नव्वदच्या दशकातली टेम्पो ट्रॅव्हलर, जुन्या गोलसर नाकाची. मर्सिडीजच्या टी-1 व्हॅनचं हे देशी रूप 1987 पासून आपल्या रस्त्यांवर आहे आणि बनतं आमच्या इंदूरच्या शेजारी, पीथमपूरला. आमची आधी अँब्युलन्स होती, म्हणून मागे दोन पाखांचं दार आहे. दादानं आणि मी निम्मे-निम्मे पैसे घालून ती घेतली, आत दोन बर्थ, एक फळीचं टेबल आणि छताला झरोका बसवला. कागदपत्रांची कहाणी लांबलचक आहे, ती इथे नको.

त्रास दोन होते. पावसात मागचा बर्थ ओला व्हायचा (तो वहिनीचा, त्यामुळे विषय घरात कधी थंड पडलाच नाही), आणि मांडूच्या वाटेवर जिथे जिथे रस्त्याचं काम चालू असेल तिथे मागून धूळ आत यायची. धूळ पुढून येते असं वाटतं, पण येत नाही. चौकोनी गाडी पळताना तिच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो आणि तिथली धूळ व धूर गोल गोल फिरत राहतात. मागच्या दाराला फट असली आणि झरोका उघडा असला की ते सगळं आत ओढलं जातं, सायलेन्सरच्या धुरासकट. धूळ झटकता येते, पण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्यामुळे "थोडी हवा येते, येऊ दे" म्हणून सोडून देण्यासारखं हे नाही.

जुनी रबरं हातात घेतली तर शिळ्या चकलीसारखी तुटत होती. भेगा मात्र सरळ बाजूंना कमी आणि कोपऱ्यांत दाट. त्याला कारण आहे. साध्या रबराच्या रेणूंच्या साखळीत दुहेरी बंध असतात, हवेतला ओझोन नेमका त्यांनाच तोडतो, आणि रबर जिथे ताणलेलं असेल तिथे आधी. कोपऱ्यावर वळवताना रबर ओढून बसवलं की तिथला ताण कायमचा राहतो. ईपीडीएमच्या मुख्य साखळीत हे बंध नसतात, म्हणून ऊन, ओझोन आणि पाऊस त्याला फार काळ सोसतात. गाड्यांच्या दारांना बहुतेक तेच असतं. त्याचा वैरी एकच, खनिज तेल. यावर शेवटी बोलतो.

खरेदी छोटी ग्वालटोलीत केली. तिथे गाडीचं नाव सांगितलं की दुकानदार एक गुंडाळी पुढ्यात टाकतो आणि म्हणतो, "भिया, सबमें यही लगता है." सगळ्यांत तेच लागत नाही. जुन्या रबराचा वीतभर तुकडा कापून सोबत न्या आणि त्याची कापलेली बाजू नव्याच्या कापलेल्या बाजूला लावून बघा. पत्र्याची दुमडलेली कड ज्यात घुसते ती खाच किती रुंद आहे, खाचेत पोलादी पट्टी आहे का, आणि दारावर दाबली जाणारी पोकळ नळी किती जाड, हे तीन प्रश्न महत्त्वाचे. मी दोन दुकानांतून वेगवेगळे तुकडे आणले, नळ्या कपड्यांच्या चिमट्यांत पूर्ण चपट्या दाबल्या आणि मे महिन्याच्या गच्चीवर ठेवून दिले. काही दिवसांनी चिमटे काढले. स्वस्त तुकडा चपटाच राहिला, दुसरा संध्याकाळपर्यंत पुन्हा गोल झाला. दारात बसल्यावर रबराला जन्मभर हेच करायचं असतं, तेव्हा याहून चांगली परीक्षा मला तरी सुचत नाही. चांगला माल मला मीटरला दीडशेच्या आसपास पडला, स्वस्त त्याच्या निम्म्यात होता.

आता ती दुकानात न मिळणारी गोष्ट. रबर दारात नीट दाबलं गेलं तरच पाणी अडतं, आणि ते किती दाबलं जाणार हे रबर ठरवत नाही, दार आणि चौकट यांमधली फट ठरवते. ती मोजायला वहिनीकडून कणकेचे गोळे मागून घेतले, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून चौकटीवर थोड्या थोड्या अंतरावर चिकटवले आणि दार बंद केलं. उघडल्यावर प्रत्येक गोळा जितका जाड उरला तितकी तिथली फट. बिजागरीकडे 9 मिलिमीटर, खटक्याकडे 13, खालच्या कोपऱ्यात त्याहूनही जास्त. म्हणजे कितीही भारी रबर आणलं असतं तरी एका बाजूला ते चिरडलं गेलं असतं आणि दुसऱ्या बाजूला जेमतेम टेकलं असतं. अँब्युलन्सचं दार वर्षानुवर्षं धाडकन आपटलं गेलेलं, बिजागऱ्या झिजून ते लोंबलं होतं.

देवास नाक्याजवळ बसच्या बॉडीचं काम करणारे एक उस्ताद आहेत. त्यांनी बिजागऱ्यांच्या पिना बदलल्या, मागे पातळ पत्र्याच्या चकत्या घातल्या, खटका थोडा आत घेतला आणि फट सगळीकडे 10 च्या आसपास आणली. नळी 15 ची, म्हणजे साधारण तिसरा हिस्सा दाबली जाते. या कामाची मजुरी रबराच्या किमतीहून जास्त झाली. दादाला ती अजून खुपते, मला नाही.

रबर काढल्यावर खालचा पत्रा जसा दिसला त्यावरून पाणी कुठून कुठे जात होतं हे कळलं. कडेला गंजाची पापुद्री, कोपऱ्यात आधीच्या कुणीतरी ओतलेलं सिलिकोन आणि त्याच्याखाली अजून गंज. आंबट व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकोन वाळताना ॲसिटिक ॲसिड सोडतं आणि उघड्या लोखंडाला ते बाधतं. पत्र्यावर लावायचंच असेल तर न्यूट्रल लिहिलेलं घ्या. आम्ही सगळं खरवडलं, तारेचा ब्रश मारला, रेड ऑक्साइडचा गंजरोधक थर आणि वर रंग दिला, आणि रंग पूर्ण कडक होईपर्यंत रबराला हात लावला नाही. नवं रबर गुंडाळीतून काढून रात्रभर जमिनीवर सैल पसरून ठेवलं. बसवताना कुठेही ओढलं नाही, हलक्या लाकडी हातोडीनं ठोकत गेलो. जोड खालच्या बाजूला घेतला आणि बोटभर जास्त कापून दोन्ही टोकं एकमेकांत दाबून बसवली. ओढून बसवलेलं रबर नंतर आखडतं आणि नेमकं जोडावर तोंड उघडतं.

पुढची काच उस्तादांनीच बसवली आणि ते बघण्यासारखं होतं. आधी रबर काचेभोवती चढवलं, मग रबराच्या आतल्या खाचेत नायलॉनची दोरी पूर्ण फेरा घालून भरली आणि दोन्ही टोकं खाली मधोमध लोंबती सोडली. साबणाचं पाणी फासून काच बाहेरून चौकटीला लावली. बाहेर पोऱ्या तळव्यांनी काच दाबतोय, आत उस्ताद दोरीचं एक टोक सावकाश ओढताहेत, आणि दोरी जिथून निघेल तिथे रबराची ओठासारखी कड पत्र्यावरून उलटून आत येतेय. कोपऱ्यावर ते थांबायचे, बाहेरच्याला "यहाँ से मार" म्हणायचे आणि तो तळव्याची एक थाप द्यायचा. शेवटी बाहेरच्या खाचेत कुलुपपट्टी भरली की रबर फुगून दोन्हीकडे घट्ट. या काचेतून तेव्हापासून पाण्याचा थेंब आत आलेला नाही.

पाण्याची चाचणी पाइपनं करतात. एक जण आत टॉर्च घेऊन, दुसरा बाहेरून खालून वर हळूहळू धार नेतो, म्हणजे कुठल्या उंचीवर गळतंय ते कळतं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही. जलूदहून 70 किलोमीटर लांबून चढवून आणलेलं, एक दिवसाआड येणारं नर्मदेचं पाणी मे महिन्यात गाडीवर उडवायची माझी हिंमत झाली नाही. बागेच्या झारीनं काम भागवलं. त्याआधी नोटेची परीक्षा मात्र झाली होती: दारात दहाची नोट धरून दार लावायचं आणि ओढायची. सहज निसटली तर तिथे दाब कमी.

पावसाळ्यात मागचा बर्थ कोरडा राहिला. भेरूघाटात धुवाधार पावसात गाडी बाजूला घेऊन थांबलो होतो, तेव्हाही. वहिनीनं उशीखाली हात घालून तपासलं आणि काही बोलली नाही, हेच प्रशस्तिपत्र. पण सरकत्या खिडक्यांखाली ओल आली. ॲल्युमिनियमच्या चौकटीत सियागंजमधून आणलेली वूल पाइल, म्हणजे घराच्या सरकत्या खिडकीला असते ती केसाळ पट्टी घातली होती. ती धूळ अडवते, काच खडखडू देत नाही, पण भिजली की ओलच धरून बसते आणि गाडीच्या हादऱ्यानं महिन्याभरात खाचेतून सरकू लागली. त्यात खालच्या चॅनलची पाणी निघायची भोकं मातीनं बुजलेली. भोकं तारेनं मोकळी केल्यावर निम्म्याहून जास्त गळती नुसत्या त्यानंच थांबली. पट्टीच्या जागी आता गाड्यांचं मखमली अस्तराचं रबरी चॅनल घालतोय. दोन खिडक्यांना झालंय, फरक स्पष्ट आहे.

हिवाळ्यात एक नवीन गोष्ट कळली. गाडी इतकी बंद झाली की रात्री दोघं झोपलो तर सकाळी काचांवरून आतूनच पाणी ओघळत होतं. पहिल्यांदा वाटलं, पुन्हा गळतंय. ते आमच्याच श्वासातलं बाष्प होतं, आधी फटींतून निघून जायचं. आता झरोका दोन बोटं उघडा आणि पुढची एक काच किंचित खाली ठेवूनच झोपतो. गॅसची शेगडी आत पेटवायची नाही हा नियम आधीही होता, आता जास्त कडक आहे. दारही सहज लागत नाही, आतली हवा अडते. एक काच उघडी ठेवली की हलक्या हातानं लागतं.

उन्हाळा आता दुसऱ्यांदा चालू आहे. नळी बोटानं दाबली तर परत वर येते, कोपऱ्यांत भेग नाही. दाराच्या तळाशी, पायरीजवळ, बूट घासून एक चीर गेली आहे, तेवढा तुकडा बदलीन.

देखभाल म्हणाल तर ओल्या फडक्यानं पुसणं आणि अधूनमधून सिलिकोन स्प्रे, बस. धुलाई केंद्रावर मात्र लक्ष ठेवून उभे राहा. तिथली पोरं रबर काळंभोर चमकावं म्हणून प्रेमानं डिझेलचा बोळा फिरवतात, आणि ईपीडीएम तेलानं फुगून पिलपिलीत होतं. आम्ही मागच्या दारावर आतून खडूनं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय: "डीज़ल मत लगाना भिया."